कायदा आणि पर्यावरण व्यवस्थापन : जोड अभ्यासाची गरज

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विधी शाखेत ‘पर्यावरण कायदा’ हा विषय अनिवार्य आहे. तरीही एका प्रश्नपत्रिकेपुरता कायदा शिकणे वेगळे आणि कायदा व पर्यावरण व्यवस्थापन जोडीने अभ्यासणे वेगळे. हा फरक बाटलीभर पाण्यावरून समजतो.

कारखान्याच्या सांडपाण्यात कोणती रसायने किती, हे विज्ञान सांगते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २१ मात्र आणखी विचारते : नमुना घेताना कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस दिली का? तो हजर असेल तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, मोहर लावून, दोघांच्या सह्या झाल्या का? ही रीत चुकली, तर पृथक्करण कितीही अचूक असो, न्यायालयात ते पुरावा म्हणून ग्राह्य ठरत नाही. उलट, ज्या वकिलाला अहवालातले आकडे वाचता येत नाहीत, त्याच्या हाती बिनचूक मोहरबंद नमुनाही मुकाच राहतो.

ही अडचण न्यायाधीशांनाही जाणवली. हैदराबादला पाणी पुरवणाऱ्या उस्मानसागर व हिमायतसागर तलावांजवळच्या एका कारखान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, प्रकल्प निर्धोक आहे हे दाखवण्याचा भार तो उभारणाऱ्यावर असतो आणि असे वाद ऐकताना न्यायाधीशांबरोबर शास्त्रज्ञही हवेत. २०१० च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात न्यायिक व तज्ज्ञ सदस्य एकत्र बसतात. गोवा, महाराष्ट्र आणि गुजरात येथील प्रकरणे त्याच्या पुणे पीठाकडे जातात. सर्वसाधारण अर्जाची मुदत वादाचे कारण घडल्यापासून सहा महिने. सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस. वर्षभर नमुने गोळा करत बसणाऱ्या अभ्यासकाला ही मुदत ठाऊक हवी.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या अधिकृत किंवा स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. जनसुनावणीच्या शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो. तिथे एखादा शेतकरी म्हणतो, “आमची विहीर आता चैत्रातच तळ दाखवते, पूर्वी ज्येष्ठापर्यंत पाणी असायचे.” या एका वाक्यात ठिकाण, ऋतू आणि तुलना, तिन्ही आहेत, भूजलतज्ज्ञाला त्यावरून तपासणी सुरू करता येते. इतिवृत्तात मात्र ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली’ एवढेच उतरले, तर तपासण्याजोगे काहीच उरत नाही.

म्हणून या जोड अभ्यासात भाषेलाही जागा हवी. शिक्षकांनी असा एखादा सारांश वर्गात आणावा, त्यातील प्रत्येक विधान साध्या मराठीत लिहून घ्यावे आणि पुढे विचारावे : हे कोणी मोजले, केव्हा मोजले आणि न्यायालयात ते टिकेल का?