टाळूतून वर गेलेली गाठ

गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्या होऊ घातलेल्या तोंडाच्या छतातून पेशींची एक इवलीशी पिशवी मेंदूकडे वर सरकू लागते. जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन राथके यांनी १८३८ साली तिचं वर्णन केलं. पुढे तिचा तोंडाशी असलेला धागा तुटतो आणि तिच्यापासून पीयूषिका ग्रंथीचा पुढचा भाग घडतो. क्वचित काही पेशी वाटेतच राहून जातात. कित्येक वर्षांनी त्यांची गाठ होते, ती क्रॅनिओफॅरिंजिओमा. मुलांमध्ये ती बहुधा ५ ते १४ वर्षांच्या वयात सापडते.

मला थक्क करते ती या गाठीची स्मरणशक्ती. मेंदूच्या तळाशी बसूनही ती तोंडाचं कूळ विसरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी दात घडवणाऱ्या पेशींसारख्या दिसतात. तिच्यात चुन्याचे खडे असतात आणि इंजिन ऑइलसारखा काळपट द्रव, त्यात कोलेस्टेरॉलचे चमचमणारे कण.

गाठ कर्करोगाची नसते, पण जागा फार अवघड. वर डोळ्यांच्या नसांची फुली, दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमन्या, आणि वरच्या अंगाला भूक, तहान, झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस. म्हणून मुलाची नजर मंदावते, उंची खुंटते, डोकं दुखत राहतं.

ही गाठ काढायला कवटी उघडून वरून गेलं, तर बरेचदा डोळ्यांच्या नसांच्या फटींतून हात चालवावा लागतो. नाकातून, खालून गेलं की गाठच आधी समोर येते. म्हणजे पेशी ज्या वाटेने वर चढल्या, जवळजवळ त्याच वाटेने सर्जन त्यांना गाठतो! इन्सब्रुकला हर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाकाच्या वाटेने पीयूषिकेची गाठ काढली होती, मात्र त्यासाठी नाक बाहेरून उघडावं लागलं. नाकपुडीतून दुर्बीण घालून गाठ काढण्याची पद्धत रुजली ती १९९०च्या दशकात, पिट्सबर्गच्या डॉक्टरांमुळे.

मुलाचं नाक मात्र लहान. मोठ्यांसाठीची दुर्बीण ४ मिलिमीटर जाडीची, लहानग्यांसाठी २.७चीही वापरतात. शिवाय वाटेतलं स्फेनॉइड हाड जन्मतः भरीव असतं, त्यातली हवेची पोकळी वयाबरोबर मोठी होत जाते. जिथे ती अजून नाही, तिथे स्कॅनचा नकाशा पडद्यावर ठेवून, दोन कॅरोटिडच्या मधून ड्रिलने वाट कोरायची. कानानाकाचे सर्जन दुर्बीण धरतात, मेंदूचे सर्जन दोन्ही हातांनी गाठ सोडवतात. हायपोथॅलॅमसला ती घट्ट चिकटली असेल, तर तेवढा तुकडा ठेवून पुढे किरणोपचार देणं मला शहाणपणाचं वाटतं. सगळी गाठ ओढून काढण्याच्या हट्टापायी मुलाला कधीच न शमणारी भूक लागू शकते.

शेवटी कवटीच्या तळाला पाडलेलं भोक बुजवायचं, नाहीतर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं आणि मेंदूज्वराचा धोका वाढतो. अर्जेंटिनाच्या हदाद आणि बासागास्तेगी यांनी त्यासाठी एक युक्ती काढली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नाकाच्या पडद्याचं अस्तर त्याच्या धमनीसकट सोडवायचं, वळवायचं आणि भोकावर अंथरायचं. रक्तपुरवठा चालू असल्याने ते तिथे जिवंत राहतं आणि रुजतं.