आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

मैत्रिणींनो, आज इटलीच्या जेनी बी या गायिकेविषयी बोलू. १९९३ साली 'कोरोना' या नावाने (आजाराच्या कितीतरी आधी!) 'द रिदम ऑफ द नाइट' हे नाचाचं गाणं आलं. पुढच्या वर्षी ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. व्हिडिओत दिसायची ओल्गा सूझा, आवाज मात्र जेनीचा. तेव्हा तिकडच्या डान्स गाण्यांत असं सर्रास चालायचं, गाणारी पडद्याआड राहायची. २००० साली सान रेमोच्या महोत्सवात जेनी स्वतःच्या नावाने गायली आणि नवोदितांत पहिली आली.

आम्ही गटात हेच सांगतो, पापड जिने लाटले तिचं नाव वहीत हवं. तुमच्या गटाची वही एकदा उघडून बघा.