कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

चिंचपोकळी (मुंबई) : आपल्या कोरेगाव तालुक्यातलं कुणी ना कुणी लालबाग, परळ, चिंचपोकळी भागात गिरणीत कामाला गेलं नाही असं घर क्वचितच सापडेल. माझे चुलते तात्या त्यातलेच. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पण चाळीतली खोली राहिली. यंदा घेवड्याची काढणी उरकली आणि कामानिमित्त दोन दिवस त्यांच्याकडं मुक्कामाला गेलो.

पोहोचलो तर घरात रडारड. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर लालभडक पाटी, भोंग्यासारखा आवाज आणि मजकूर असा, की तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. वहिनींना कॉम्प्युटरची काळजी नव्हती. त्यात तात्यांच्या गिरणीचे कागद होते. हजेरीचं तिकीट, रजेचं कार्ड, पीएफची पावती. गिरणी कामगारांच्या घरासाठी हेच पुरावे लागतात. मूळ कागद पावसाच्या गळतीत भिजून गेले, राहिलं ते स्कॅन केलेलं. आणि जवळचा दुकानदार म्हणत होता, "पाचशे रुपये द्या, फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅट म्हणजे सगळी पाटी कोरी. व्हायरस जातो, पण कागदही जातात. रानात तण माजलं म्हणून उभं पीक नांगरून टाकण्यातला प्रकार. म्हणून फॉरमॅट हा शेवटचा उपाय. त्याआधी आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो.

१. आधी नेट तोडा. वायफाय बंद करा, वायर असेल तर काढा. आत शिरलेला प्रोग्रॅम नेटवरूनच माहिती बाहेर पाठवतो आणि आणखी घाण आत ओढतो.

२. पाटीवरच्या नंबरला फोन करू नका. अशी पाटी बहुतेक वेळा ब्राउझरमधलं एक पान असतं, कॉम्प्युटर लॉक झालेला नसतो. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा. नाही गेली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर जुनी पानं परत आणू का, असं विचारलं तर नाही म्हणा. फोन केला तर समोरचा माणूस गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा मागतो. खरा चोर त्यानंतर घरात येतो.

३. कागद बाहेर काढा. रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि फक्त फोटो, पीडीएफ, वर्डच्या फाइल कॉपी करा. सेटअपच्या किंवा ओळखीच्या नसलेल्या फाइल घेऊ नका. हा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावाल तेव्हा आधी स्कॅन करा, मगच उघडा.

४. चोर शोधा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा आणि तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय आलंय ते बघा. आमच्याकडं पुतण्यानं सगळे कागद एका फाइलमध्ये जोडायला फुकटचा प्रोग्रॅम उतरवला होता. न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेला आणि त्याच्याबरोबर आणखी तीन पाहुणे आत आले. चारही अनइन्स्टॉल केले.

५. ब्राउझर झाडून घ्या. एक्स्टेन्शन्समध्ये आपण न टाकलेलं काही दिसलं तर काढा. साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये अनोळखी नावं असतील तर तीही काढा. कोपऱ्यात सारख्या उगवणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा इथूनच येतात, कारण कधीतरी आपणच 'अलाऊ' दाबलेलं असतं.

६. आता नेट जोडा आणि स्कॅन करा. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज सिक्युरिटी आधीपासून असते, तिला पैसे पडत नाहीत. ती अपडेट करा. मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात स्कॅन ऑप्शन्स, त्यात फुल स्कॅन. याला काही तास लागू शकतात. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन करा. यात कॉम्प्युटर बंद होऊन चालू होतो आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळं लपून बसलेलाही सापडतो. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही सफाईची साधनं फुकट मिळतात. हे केंद्र २०१७ साली सुरू झालं.

७. पासवर्ड बदला. हे काम दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून करा. आधी ईमेल, मग बँक. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

आपल्या गावाकडं जास्त आढळतो तो पेनड्राइव्हचा व्हायरस. सातबारा काढायला किंवा फॉर्म भरायला पेनड्राइव्ह दहा ठिकाणी फिरतो. घरी लावला की फोल्डर गायब आणि त्या जागी शॉर्टकट. घाबरू नका, फाइल बहुतेक वेळा तिथंच असतात, नुसत्या लपवलेल्या. शॉर्टकटवर क्लिक करू नका. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइल दाखवा हा पर्याय निवडा आणि सिस्टीम फाइल लपवण्यापुढची खूण काढा. मग फाइल कॉपी करून घ्या आणि पेनड्राइव्ह स्कॅन करा.

एक प्रकार मात्र यापेक्षा वाईट. त्यात फाइलना कुलूप लागतं आणि खंडणी मागतात. याला रॅन्समवेअर म्हणतात. स्कॅन करून व्हायरस निघेल, पण कुलूप उघडेलच असं नाही. पैसे देऊनही चावी मिळेल याची खात्री नाही. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही जातींच्या चाव्या फुकट मिळतात, तिथं आधी बघावं. पण खरा इलाज एकच, आधी काढून ठेवलेली प्रत.

याचा मोठा दाखला चिंचपोकळीपासून लांब नाही. खाडीपलीकडं न्हावाशेवा बंदर आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले आणि तिच्या गटाकडं असलेल्या इथल्या टर्मिनलचं कामही अडकलं. त्या व्हायरसनं लावलेलं कुलूप पैसे देऊनही उघडणारं नव्हतं. कंपनीचं जाळं पुन्हा उभं करायला लागणारी माहिती सगळीकडून पुसली गेली होती, फक्त आफ्रिकेतल्या घानामध्ये शिल्लक निघाली. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेली होती आणि तो कॉम्प्युटर नेटपासून तुटलेला होता. लोडशेडिंगचा एवढा फायदा आपण कधी ऐकला नसेल! धडा असा, की जी प्रत कॉम्प्युटरला जोडलेली नाही, तीच वाचते.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असंही समजू नका. आपल्याच रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढं कॉम्प्युटर दुरुस्तीला लागले. गिऱ्हाइकांची मशीन व्हायरसनं बंद पडताना बघून भाऊ संजय यांनी त्यावर इलाज लिहायला घेतला. त्यातूनच क्विक हील उभी राहिली.

तात्यांचा कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी दुपारी चालू झाला. कागद सगळे मिळाले. त्याच्या दोन प्रती केल्या. एक पेनड्राइव्ह तात्यांच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी. दुसरा मी गावी घेऊन आलो. शिवाय प्रिंटही काढून ठेवल्या. तात्या म्हणाले, "गिरणी गेली, निदान गिरणीत होतो एवढं तरी राहू दे."

तुमच्याही घरी सातबारा, पीककर्जाचे कागद, पोरांच्या मार्कलिस्ट कॉम्प्युटरमध्येच पडून असतील. आज संध्याकाळी वेळ काढा, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा.