जुना संगणक : डागडुजी की निरोप?

पावसाळा तोंडावर आला की जुन्या घराच्या मालकापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. यंदा नुसती कौले शाकारून भागेल, की वासेही बदलावे लागतील? की आता घरच पाडून नवे बांधावे? घराविषयी हा विचार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. संगणकाची वेळ आली की मात्र आपली मती गुंग होते आणि दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा मानून आपण मोकळे होतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या यांत्रिक भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण पैसे आपले आणि काम आपले, तर विचारही आपणच करावयास हवा.

आमच्या मराठी विभागातला संगणक २०१६ साली घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० असा त्याचा संसार. या वार्षिकांकाची अक्षरजुळणी त्याच्यावरच होते. शिवाय आमच्या आधीच्या तीन तुकड्यांनी खेडोपाडी हिंडून लिहून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या त्याच्याच पोटात आहेत. त्या सांगणाऱ्यांपैकी काही आजीबाई आज हयात नाहीत. २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडले, तेव्हा हे यंत्र इतके मंदावले होते की बटण दाबून चहाला जायचे आणि परत येऊन वाट पाहायची, असा शिरस्ताच पडला. एका दुकानदाराने सल्ला दिला, “प्रोसेसर बदला, ग्राफिक्स कार्ड टाका, विमानासारखा पळेल.” सर म्हणाले, “आधी दुखते कुठे ते तर कळू द्या. औषधाचे मग पाहू.” प्रस्तुत लेख म्हणजे त्या रोगनिदानाची हकिगत आहे.

संगणकाचे काम समजून घ्यावयाचे तर आपले ग्रंथालय डोळ्यांपुढे आणावे. प्रोसेसर म्हणजे टिपणे काढणारा अभ्यासक. मेमरी म्हणजे त्याच्या पुढ्यातले टेबल. हार्ड डिस्क म्हणजे मागच्या खोलीतली कपाटे. टेबल लहान असले की नवे पुस्तक आणताना आधीचे परत ठेवावे लागते. अभ्यासक कितीही हुशार असो, त्याचा वेळ कपाटांकडे खेपा घालण्यातच जातो. अशा वेळी अधिक हुशार अभ्यासक नेमून काय उपयोग?

हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक. सुई योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ. एकूण बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला फार तर पाऊणशे-ऐंशी वाचने होतात. यंत्र सुरू होताना मात्र अशा हजारो लहान वाचनांची गरज असते. एसएसडी नावाच्या साठवणुकीत फिरणारे काहीच नाही, सारी माहिती चिपांत असते. त्यामुळे एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो.

आता थोडे गणित, घाबरू नये. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने मांडलेला विचार पुढे त्याच्याच नावाने नियम म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे की, कामाचा जो भाग आपण जलद करतो, त्या भागापुरताच लाभ मिळतो. समजा, एका कामाला १०० सेकंद लागतात. त्यांतील ८० डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि २० प्रोसेसरच्या कामात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तर २० चे १० होतील आणि एकूण ९० सेकंद लागतील. पैसे भरपूर गेले, वाचले दहा सेकंद. उलट डिस्कचा भाग दहापट जलद झाला, तर ८० चे ८ होतील आणि सारे काम २८ सेकंदांत उरकेल. म्हणून वेळ कोठे जातो हे आधी मोजावे.

हे मोजण्यास पैसा लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. आपले नेहमीचे काम चालू ठेवून त्यातील आकडे पाहावेत. प्रोसेसर सतत शंभर टक्क्यांजवळ असेल, तर तो कमी पडतो. मेमरी भरलेली असेल, तर टेबल लहान आहे. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर निवांत असेल, तर दोष कपाटांचा. आमच्या यंत्रात डिस्क शंभरावर, मेमरी नव्वदीच्या घरात आणि प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर स्वस्थ बसलेला आढळला. दुकानदाराने बदलावयास सांगितला तो नेमका हाच!

मोजण्याआधी फुकटचे उपायही करून घ्यावेत. पंख्यात साचलेली धूळ काढावी, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते.

नवा भाग घेण्यापूर्वी तो आपल्या यंत्रात बसेल का, हे पाहणे आवश्यक. येथे नावे फसवी असतात. सहाव्या आणि आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांच्या बैठकीचे नाव एकच, एलजीए ११५१. तरीही सहाव्या पिढीच्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. म्हणजे प्रोसेसरबरोबर मदरबोर्डही आला. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या मेमरीच्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. मोठे ग्राफिक्स कार्ड घेतले, तर वीजपुरवठ्याचा डबाही बदलावा लागतो. कारण कार्डाच्या खाचेतून ७५ वॉटच मिळतात, बाकीची वीज स्वतंत्र तारेने द्यावी लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, म्हणतात तो हा प्रकार.

त्याहून मोठी अडचण आज्ञाप्रणालीची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सहाव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. कितीही एसएसडी बसवली तरी ही उणीव भरून निघत नाही. लिनक्स हा चांगला आणि विनामूल्य पर्याय आहे. निव्वळ लेखन-वाचन करणाऱ्याने तो अवश्य पाहावा. परंतु आमचे जुने मजकूर युनिकोडपूर्व टंकांत आहेत आणि ते उघडणारा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. तेव्हा ती वाट आम्हांस बंद होती.

आता खर्चाचा हिशेब. वस्तूची किंमत पाहू नये, वर्षाची किंमत पाहावी. समजा, नवे यंत्र ४०,००० रुपयांस पडते आणि आठ वर्षे टिकते, तर वर्षाला ५,००० रुपये झाले. डागडुजीस ३,००० रुपये लागणार असतील, तर तिच्यामुळे जुने यंत्र सुमारे सात महिने जास्त चालले की पैसे वसूल. पुढचा प्रत्येक महिना नफ्याचा. पण डागडुजी १५,००० वर गेली, तर तेच यंत्र तीन वर्षे रेटावे लागेल. नऊ-दहा वर्षांच्या यंत्राकडून ती अपेक्षा करणे म्हणजे जुगार. शिवाय घेतलेला भाग उद्या नव्या यंत्रात नेता येईल का, हेही विचारावे. एसएसडी नेता येते. डीडीआर-४ मेमरी डीडीआर-५ च्या यंत्रास निरुपयोगी.

आम्ही अखेर काय केले? पहिल्या दिवशी एकही स्क्रू न काढता सर्व ओव्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी करून ठेवल्या. यंत्र पुन्हा विकत मिळते, ओवी मिळत नाही. त्यानंतर एक एसएसडी घेतली. मेमरीचे भाव त्या सुमारास कडाडलेले होते, म्हणून कॉलेजातच बंद पडून असलेल्या एका यंत्रातून त्याच जातीची ४ जीबीची पट्टी काढून बसवली. आधाराचा प्रश्न उरला होताच. त्यासाठी हे यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ अक्षरजुळणीस ठेवले. पेनड्राइव्हही आधी तपासल्याशिवाय त्याला लावत नाही. ज्याला इंटरनेटवरच काम करावयाचे आहे, त्याने मात्र असे यंत्र डागडुजी करून वापरत राहू नये. त्याचे पैसे नव्या यंत्राकडेच वळावेत.

आज आमचे यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होते. चहाची सबब गेली, एवढाच काय तो तोटा! पुढेमागे त्याला निरोप द्यावा लागेल, तेव्हा डिस्कवरील माहिती पुरती पुसूनच ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावयाचे, असेही ठरले आहे.

त्या दुकानदारास आम्ही दोष देत नाही, त्याचा धंदा विकण्याचा आहे. मोजण्याचे काम आपले. तुमचा संगणक रेंगाळू लागला, तर खिशात हात घालण्यापूर्वी एवढेच करा : कोठे अडते ते पाहा, फुकटचे उपाय करा, भाग बसेल का ते विचारा, वर्षाचा हिशेब मांडा. आणि या सर्वांच्या आधी, आपल्या लेखनाची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

(तृतीय वर्ष, कला)