नॉक्सचा पहिला नियम आणि चिंचवडचे चापेकर

रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेला दहा नियम घालून दिले. पहिला असा: गुन्हेगार कथेत लवकर दिसावा, पण त्याच्या मनात वाचकाला शिरू देऊ नये. अगाथा ख्रिस्तीने १९२६ मध्येच ॲक्रॉइडच्या खुनाची हकीकत खुन्याकडून सांगवली होती, पण तोही मन झाकूनच बोलतो. मी या कथांचा जुना भक्त. तरी चिंचवडच्या चापेकर वाड्यात पाऊल ठेवलं की हा नियम मला अपुरा वाटतो.

२२ जून १८९७ ची रात्र सर्वांना पाठ आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, गणेशखिंडीचा रस्ता, ‘गोंद्या आला रे’ ही खूण. गोळ्या लागून लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, प्लेगचा अधिकारी रँड ३ जुलैला. पुढचा तपास मात्र ख्रिस्तीच्या गुप्तहेराच्या, पॉयरोच्या, शिष्यांना निराश करणारा आहे. पायाचे ठसे नाहीत, सिगारेटची राख नाही. सरकारने वीस हजारांचं बक्षीस लावलं आणि द्रविड बंधूंनी नावं सांगितली. पोलीस अधिकारी ब्रुइनसाहेबाच्या हाती दामोदर चापेकर लागला तो फितुरीमुळे, तर्काने नव्हे.

खरा ऐवज त्यानंतरचा: दामोदरने तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त. हरिभाऊ कीर्तनकारांचा हा थोरला मुलगा. त्याला सैनिक व्हायचं होतं, पोरं जमवून तो कवायती करायचा. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं; ते आपण केलं, हे त्यानेच सांगितलं. प्लेगच्या झडत्यांत गोरे शिपाई घराघरांत घुसले, त्याचा संताप त्यात आहे. समाजसुधारकांविषयीचा उघड द्वेषही आहे, आणि तो वाचताना मला त्रास होतो. पण ती पानं गाळून केलेला गौरव मला मान्य नाही. माणूस समजून घ्यायचा तर सगळा घ्यावा लागतो.

इंग्रजी रहस्यकथेत दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून खुन्याचं नाव घेतलं की घडी पुन्हा बसते. त्या घराची व्यवस्था मुळात न्याय्य आहे, हे तिथे गृहीतच असतं. प्लेगच्या पुण्यात हे गृहीत टिकत नाही. म्हणून इथे नाव कळल्यावर काहीच मिटलं नाही. १८ एप्रिल १८९८ ला दामोदर फासावर गेला. ८ फेब्रुवारी १८९९ ला द्रविडांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ८ तारखेला दामोदरचा भाऊ वासुदेव, १० ला त्यांचा साथीदार महादेव रानडे, १२ ला दुसरा भाऊ बाळकृष्ण फासावर चढले. एका घरातले तिन्ही भाऊ संपले.

खुनी कोण, हे दामोदरने लपवलंच नाही. त्याने ‘का’ लिहून ठेवलं, आणि ते वाचायला त्याच्या मनातच शिरावं लागतं.