घोण कात टाकते तेव्हा

श्रोतेहो, मृगाचा पाऊस पडला, की आमच्या सोनपेठ भागात काळ्या रानातल्या भेगा बुजतात आणि आत दडलेले जीव वर येतात. एखादा धोंडा उलटावा, तोच खालून वीतभर घोण सळसळत निघते. लगेच "मारा, मारा!" सुरू होते. ही भीती अगदीच खोटी नाही. पण हा प्राणी पाहण्याजोगा आहे, आणि शिक्षकांनी काळजी घेतली तर तो शाळेत पाळून दाखवताही येतो.

घोण म्हणजे थोरली गोम. आपल्याकडच्या घोणीला सहसा पायांच्या 21 जोड्या असतात, म्हणजे 42 पाय. शास्त्रात मात्र नाव शतपाद! डोक्याखालच्या दोन विषारी नख्या मुळात पायांचीच पहिली जोडी. पावसात वेटोळे करून बसणारा पैसा तो निराळा. तो कुजका पालापाचोळा आणि कोवळी रोपे खातो. घोण शिकारी आहे. झुरळे, रातकिडे हे तिचे अन्न.

आता मुख्य गोष्ट. घोणीची हाडे आत नसतात. कातडीच कवचासारखी कठीण असते. कवच काही ताणत नाही. म्हणून वाढायचे तर जुने टाकून नवे घ्यावे लागते. नदीतला खेकडा हेच करतो.

इथेच पाळणाऱ्याची चूक होते. मीही केली. वर्गात ठेवलेली घोण आठवडाभर काही खाईना, हलेना, रंगही मळकट झाला. मेली की काय, म्हणून मी काडीने ढोसून पाहिले. ती मेली नव्हती, कात टाकत होती. माझ्या काडीने तिचे नवे, लोण्यासारखे मऊ अंग फाटले आणि मग मात्र ती खरोखरच मेली. मुले काही बोलली नाहीत. तेच मला जास्त लागले.

कात टाकताना आधी डोक्याजवळचे जुने कवच सुटते. तिथून घोण पुढे सरकते आणि अंग आखडून-पसरून जुनी कात मागे लोटते. बंडीची बाही ओढून काढावी तशी ती कात शेपटाशी गोळा होते. नवे अंग फिकट असते, नख्याही मऊ. अशा वेळी पेटीत जिवंत रातकिडा राहिला, तर शिकारच शिकाऱ्याला कुरतडते, बरे का! म्हणून तिने खाणे सोडले, की उरलेले किडे काढून घ्यावेत.

ओल सांभाळावी. घोणीच्या अंगातले पाणी लवकर उडून जाते. माती सुकली तर कात अंगालाच चिकटते. नुसती काळी माती वाळली की तडकते, म्हणून तीत कुजलेला पालापाचोळा मिसळावा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. वर साल किंवा खापर ठेवावे. टाकलेली कात काढू नये. पुष्कळदा घोण ती स्वतःच खाते. अंग कडक होऊन मूळ रंग आला, की आणखी काही दिवसांनी अन्न द्यावे. एखादा पाय तुटला असेल, तर तो पुढच्या काती टाकताना पुन्हा फुटतो. मुलांना हे जरूर दाखवावे.

पेटी काचेची, गुळगुळीत, उंच असावी. झाकण घट्ट आणि भोके बारीक. घोणीला हात कोणीच लावू नये, लांब चिमटा वापरावा. चावलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी. दंश फार ठणकतो, सूज येते, मात्र माणूस दगावणे अतिशय विरळा. तरी लहान मूल असेल, धाप लागली किंवा चक्कर आली, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

गुरुजनहो, वहीत रोजची तारीख घालून मुलांना नोंद लिहू द्या: आज खाल्ले नाही, आज रंग मळला, आज कात निघाली. आणि काडी तेवढी हाताशी ठेवू नका. न हलणारे सारेच मेलेले नसते, हे मुले त्या पेटीपाशी बसून शिकतील.