महाराष्ट्रातील कायदेनिर्मिती आणि लोकसहभाग

महाराष्ट्रातील कायदेनिर्मिती म्हणजे राज्याच्या अखत्यारीतील विषयांवर महाराष्ट्र विधानमंडळाने कायदे करण्याची, तसेच त्या कायद्यांखाली राज्य शासनाने नियम तयार करण्याची प्रक्रिया होय. मतदान हा या प्रक्रियेवर प्रभाव टाकण्याचा सर्वांत परिचित मार्ग असला तरी तो एकमेव नाही. मसुदा, समिती, सभागृहातील चर्चा आणि कायद्याखालील नियम या प्रत्येक टप्प्यावर नागरिकांना व संघटनांना आपले म्हणणे मांडता येते. मात्र प्रत्येक टप्प्याची मुदत ठरलेली असते. विधेयक जसजसे पुढे सरकते, तसतसा त्यात बदल होण्याचा वाव कमी होत जातो.

घटनात्मक चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २४६ व सातव्या अनुसूचीनुसार कायद्याचे विषय संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची यांत विभागलेले आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन आणि स्थानिक शासन हे विषय राज्य सूचीत, तर फौजदारी कायदा, विवाह, शिक्षण आणि वने हे समवर्ती सूचीत आहेत. एखादी मागणी कोणत्या सूचीतील विषयाशी संबंधित आहे, यावर ती विधानमंडळाकडे करायची की संसदेकडे, हे ठरते.

महाराष्ट्राचे विधानमंडळ द्विसदनी असून त्यात राज्यपाल, २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद यांचा समावेश होतो. परिषदेचे ३० सदस्य विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, ७ पदवीधर मतदारसंघांतून व ७ शिक्षक मतदारसंघांतून निवडून येतात, तर १२ सदस्य राज्यपाल नामनियुक्त करतात. पदवीधर मतदारसंघाची यादी सर्वसाधारण मतदार यादीपेक्षा वेगळी असते. तीत स्वतंत्रपणे नाव नोंदवावे लागत असल्याने अनेक पात्र पदवीधर या मतदानापासून दूर राहतात.

विधानमंडळाची वर्षाला साधारणतः तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय व पावसाळी अधिवेशन मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. नागपूरच्या अधिवेशनामागे १९५३ च्या नागपूर कराराची पार्श्वभूमी आहे.

विधेयकाचा प्रवास

बहुतेक विधेयके शासकीय असतात. संबंधित विभाग प्रस्ताव तयार करतो, विधि व न्याय विभाग त्याला कायद्याची भाषा देतो आणि मंत्रिमंडळाच्या मान्यतेनंतर ते सभागृहात मांडले जाते. मंत्री नसलेल्या सदस्यालाही अशासकीय विधेयक मांडता येते. अशी विधेयके क्वचितच संमत होतात, पण एखाद्या विषयाकडे शासनाचे लक्ष वेधण्यासाठी ती उपयोगी पडतात.

विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्या वाचनात ते मांडले जाते. दुसऱ्या वाचनात त्याच्या तत्त्वांवर चर्चा होते आणि नंतर खंडवार विचार होऊन दुरुस्त्यांवर मतदान होते. याच टप्प्यावर विधेयक प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्याचा, अथवा लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करण्याचा प्रस्ताव मांडता येतो. तिसऱ्या वाचनात विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव मतास टाकला जातो.

सामान्य विधेयकाच्या बाबतीत अंतिम शब्द विधानसभेचा असतो. अनुच्छेद १९७ नुसार परिषद अशा विधेयकाला प्रथम तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा संमत केल्यास आणखी एक महिना विलंब लावू शकते. धन विधेयक परिषदेला १४ दिवसांत परत करावे लागते.

दोन्ही सभागृहांतून गेलेले विधेयक अनुच्छेद २०० नुसार राज्यपालांच्या संमतीसाठी जाते. समवर्ती सूचीतील विषयावर केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतूद असल्यास ती राज्यात टिकण्यासाठी राष्ट्रपतींची संमती आवश्यक ठरते. महिला व बालकांवरील अत्याचारांसंबंधीचे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले आणि संयुक्त समितीच्या अभ्यासानंतर डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले. तथापि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही.

अधिवेशन चालू नसताना राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर न झाल्यास तो संपुष्टात येतो. अध्यादेश तत्काळ अमलात येत असल्याने त्यापूर्वी जनतेला मत मांडण्याची संधी सहसा मिळत नाही. ती मिळते त्याची जागा घेणारे विधेयक सभागृहात येते तेव्हा.

विधेयकाचे वाचन

राज्याची विधेयके मराठीत असतात व अनुच्छेद ३४८ (३) नुसार त्यांचा इंग्रजी अनुवाद राजपत्रात प्रसिद्ध होतो. प्रत्येक विधेयकाला वर्ष व क्रमांक असतो. अधिनियम झाल्यावर त्याला नवा क्रमांक मिळतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हा सन १९६६ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३७ आहे. विधेयकातील तरतुदींना खंड, तर अधिनियमातील तरतुदींना कलम म्हणतात.

विधेयकाला जोडलेली तीन निवेदने सामान्य वाचकाला विशेष उपयुक्त असतात. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ हे विधेयकाची गरज सांगते. ‘वित्तीय ज्ञापन’ राज्याच्या तिजोरीवरील भार दाखवते. वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीच्या ज्ञापनात कोणत्या बाबी पुढे शासन नियमांद्वारे ठरवणार आहे, हे नमूद असते. खंडांमध्ये ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ असे शब्द आले की, तो तपशील विधानमंडळ स्वतः ठरवत नसून नियमांवर सोपवत आहे, असा त्याचा अर्थ होतो. शुल्क, मुदत, अर्जाचा नमुना, अपिलाची पद्धत अशा नागरिकांच्या रोजच्या व्यवहाराशी निगडित गोष्टी बहुधा अशाच सोपवलेल्या असतात.

सुधारणा विधेयक मूळ अधिनियम शेजारी ठेवून वाचावे लागते. ‘कलम अमुकमधील अमुक मजकूर वगळण्यात येईल’ एवढ्या एका ओळीने कायद्याचा आशय बदलू शकतो आणि नुसते विधेयक वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

लोकसहभागाचे टप्पे

मसुदा: विधेयक मांडण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवण्याची पद्धत काही विषयांत पाळली जाते. केंद्र शासनाने २०१४ मध्ये आपल्या विभागांसाठी मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवण्याचे धोरण स्वीकारले. ते राज्यांना बंधनकारक नाही. मात्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ग) नुसार महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे राज्यातील सार्वजनिक प्राधिकरणांवरही बंधनकारक आहे.

समिती: प्रवर किंवा संयुक्त समिती लेखी निवेदने मागवू शकते व साक्षीसाठी लोकांना पाचारण करू शकते. महाराष्ट्र विशेष जन सुरक्षा विधेयक, २०२४ हे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात मांडल्यावर संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. समितीकडे १२ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. त्यानंतर विधेयकाच्या उद्देशाची शब्दरचना, सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा यांत बदल झाले. हे बदल अपुरे असल्याची टीका विरोधी पक्ष व नागरी हक्क संघटनांनी केली. विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले.

सभागृह: दुरुस्ती मांडण्याचा अधिकार फक्त सदस्यांना असतो. त्यामुळे नागरिकांच्या सूचना आमदारांमार्फतच सभागृहात पोहोचतात. खंडाचा क्रमांक, आक्षेपार्ह शब्द, पर्यायी शब्दरचना आणि त्याचे कारण एवढे देणारे निवेदन सदस्याला दुरुस्तीच्या सूचनेत थेट वापरता येते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना व अशासकीय ठराव यांद्वारे कायद्याची गरज किंवा अंमलबजावणीतील त्रुटी पुढे आणता येतात. दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्यांकडे नागरिकांची गाऱ्हाणी सदस्यामार्फत सादर होऊ शकतात.

नियम: मूळ कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट असल्यास नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकतींसाठी मुदत द्यावी लागते व आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. केंद्राच्या स्थावर संपदा अधिनियमाखाली राज्याच्या नियमांचा मसुदा डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीसह ग्राहक संघटनांनी त्यातील काही तरतुदी विकासकांना झुकते माप देणाऱ्या असल्याचे आक्षेप नोंदवले. अंतिम नियम एप्रिल २०१७ मध्ये अधिसूचित झाले. नियम विधानमंडळासमोर ठेवले जातात आणि उपविधान समिती त्यांची छाननी करते.

जादूटोणाविरोधी कायद्याचे उदाहरण

नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम हे नागरी चळवळीतून घडलेल्या राज्य कायद्याचे ठळक उदाहरण आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती व तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. २००३ मध्ये मसुदा तयार झाला आणि डिसेंबर २००५ मध्ये विधेयक विधानसभेत संमत झाले, परंतु विधान परिषदेत ते अडले. अनुच्छेद १९६ (५) नुसार विधानसभेत संमत होऊन परिषदेत प्रलंबित असलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते. २००९ च्या निवडणुकीनंतर या विधेयकाचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला.

दुसऱ्या बाजूने वारकरी संप्रदायातील काही मंडळी व हिंदुत्ववादी संघटनांनी, या कायद्यामुळे धार्मिक आचारही गुन्हा ठरेल, अशी हरकत घेतली. चर्चेच्या फेऱ्यांमधून मसुद्याची व्याप्ती कमी करण्यात आली. सर्वसाधारण व्याख्येऐवजी अनुसूचीत विशिष्ट कृत्यांची यादी देण्यात आली. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन व भजन यांना हा कायदा लागू होणार नाही, असे एका स्वतंत्र कलमात स्पष्ट करण्यात आले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्यपालांनी अध्यादेश काढला. त्याची जागा घेणारे विधेयक डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर अधिवेशनात विधानसभेने व नंतर परिषदेने संमत केले. पाठपुरावा करणाऱ्यांचा आग्रह अधिनियमाच्या अनुसूचीत, तर हरकत घेणाऱ्यांचा आग्रह वगळणाऱ्या कलमात दिसतो. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे तरतुदींच्या भाषेत मांडावे लागले, हे या प्रक्रियेचे वैशिष्ट्य आहे.

संमतीनंतरचे मार्ग

संमत झालेला कायदा संविधानाशी विसंगत असल्यास त्याला उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली आव्हान देता येते. मराठा समाजाला आरक्षण देणारा २०१८ चा अधिनियम मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये आरक्षणाचे प्रमाण कमी करून वैध ठरवला, तर सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी तो रद्द केला. न्यायालय कायद्याची वैधता तपासते. त्याच्या इष्टतेचा निर्णय विधानमंडळाकडेच राहतो. त्यामुळे केवळ गैरसोयीच्या, परंतु घटनात्मक दृष्ट्या वैध तरतुदीसाठी सुधारणा विधेयकाचा पाठपुरावा हाच मार्ग उरतो.

मर्यादा

सर्व विधेयके समितीकडे जात नाहीत. अनेक विधेयके मांडल्यावर त्याच अधिवेशनात, अल्प चर्चेनंतर संमत होतात. अशा वेळी सभागृहाबाहेरील व्यक्तीला विधेयक मिळवून, वाचून सूचना देण्यास पुरेसा अवधी राहत नाही. हरकती स्वीकारण्याचे कारण किंवा नाकारण्याचे कारण प्रत्येक अर्जदाराला कळवण्याची तरतूद सर्वत्र नाही. हरकतींची जाहिरात राजपत्रात प्रसिद्ध झाली, तरी ज्यांच्यावर कायद्याचा परिणाम होणार त्यांच्यापर्यंत ती पोहोचतेच असे नाही. त्यामुळे संघटित व्यावसायिक गटांच्या हरकती मुदतीत दाखल होतात, तर शेतमजूर, स्थलांतरित कामगार किंवा वस्तीतील रहिवासी यांचे म्हणणे बहुधा एखाद्या संघटनेने किंवा लोकप्रतिनिधीने पुढाकार घेतला तरच नोंदवले जाते.